विद्युत्-रोधाचे मापारी : जॉर्ज सायमन ओहम

थोर पुरुषांच्या स्मृती निरनिराळ्या प्रकारांनी जतन केल्या जातात. कोणाचा पुतळा चौकात उभा राहतो, कोणाचे नाव रस्त्यास दिले जाते, तर कोणाचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचले जातात. परंतु ज्यांचे नाव साध्या कारागिराच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येते आणि तरीही ते एका माणसाचे नाव आहे याची बोलणाऱ्यास आठवणही नसते, असे पुरुष विरळा. आमच्या हैदराबादेत कोठीनजीकच्या गुजराती गल्लीत विजेच्या वस्तूंची दाटीवाटीची दुकाने आहेत. मोटारीत बसविण्यासाठी कोणी स्पीकर मागितला, की तो चार ओहमचा हवा की दोन ओहमचा, असे दुकानदार विचारतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही विद्यार्थी ओहम हा शब्द नित्य लिहितात. ज्यांच्या नावावरून हा शब्द आला, ते गृहस्थ आमच्या तुमच्या शाळांतील गुरुजींसारखेच एक शाळामास्तर होते. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे बनविणारे कारागीर, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची कन्या. घरात सात मुले झाली, पण जगली तिघेच : जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच मातेचे छत्र हरपले.

वडिलांना शाळेचे शिक्षण असे फारसे मिळाले नव्हते. तथापि ज्ञानाची ओढ एवढी, की दिवसभर कानशीने लोखंड घासणाऱ्या या माणसाने स्वतःच पुस्तके मिळवून गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला आणि मुलांना घरीच शिकविले. गावच्या शाळेत घोकंपट्टीवर भर होता. खरे शिक्षण झाले ते बापाच्या हाताखाली. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घेतली आणि या कुलूपवाल्याच्या घरातील दोघा भावांची तुलना सुप्रसिद्ध बर्नुली घराण्यातील गणितज्ञांशी केली. पुढे मार्टिनही गणिती म्हणून नावारूपास आला. वडिलांच्या कारखान्यात जॉर्जच्या हाताला धातूकामाचे जे वळण लागले, त्याचाही उपयोग कसा झाला हे पुढे दिसेलच.

इ. स. १८०५ मध्ये जॉर्जने एर्लांगेनच्या विद्यापीठात नाव घातले. परंतु थोर पुरुषांच्या चरित्रातही सर्वच पाने आदर्श नसतात. नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड यांतच या तरुणाचा वेळ जाऊ लागला. पोटाला चिमटा घेऊन मुलास शिकविणाऱ्या वडिलांना ते सहन झाले नाही. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले आणि १८०६ साली स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकविण्यास पाठविले. या ठेचेने तरुण सावध झाला. शिकवीत असतानाच त्याने स्वतःचा अभ्यास नेटाने चालविला आणि १८११ साली एर्लांगेनला परतून डॉक्टर ही पदवी संपादन केली.

पदवी मिळाली तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठात काही काळ अध्यापन करून पाहिले, पण प्राप्ती तुटपुंजी. १८१३ मध्ये ओहम बाम्बेर्ग येथे एका साध्या शाळेत शिक्षक झाले. ती शाळाही १८१६ साली बंद पडली. या उमेद खचविणाऱ्या दिवसांत त्यांनी भूमितीचे एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याचे हस्तलिखित प्रशियाच्या राजाकडे पाठविले. त्याचे फळ असे, की १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइट विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा त्यांना मिळाली. तेथे एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहम यांचे भाग्य उघडले ते तेथे.

त्या काळी विजेचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युत्-घटांची रास करून सतत वाहणारी वीज जगाला दिली. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेड यांना विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते असे दिसून आले. साऱ्या युरोपात प्रयोगांची एकच धांदल उडाली. परंतु वीज तारेतून किती वाहते, तार लांब केली तर ती किती कमी होते आणि जाड केली तर किती वाढते, याचा हिशेब कोणासच मांडता येत नव्हता. मोजण्याचे एकक नव्हते आणि मोजणारे यंत्रही नव्हते. किराणा दुकानात ताजवा नसावा आणि वाण्याने सर्व माल नजरअंदाजाने द्यावा, तशी विजेची अवस्था होती. ओहम यांनी हा ताजवा तयार करण्याचे मनावर घेतले.

शाळेचे तास संपवून ते प्रयोगशाळेत बसत. यंत्रे विकत घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा वडिलांच्या कारखान्यातील शिकवण कामास आली. त्यांनी उपकरणे स्वतःच्या हाताने घडविली. १८२५ साली त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. तारेची लांबी वाढली की विजेचा जोर कसा घटतो, याचे एक लॉगॅरिथमचे सूत्र त्यांनी त्यात दिले. ते सूत्र चुकीचे होते.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या मते ओहम यांच्या थोरपणाचा आरंभ या ठिकाणी होतो. आपली चूक छापून गेली आहे हे ध्यानात आल्यावर ते गप्प बसले नाहीत, की सूत्राला ठिगळे लावीत बसले नाहीत. चूक कोठे शिरली याचा त्यांनी शोध घेतला. ती गणितात शिरली नव्हती. तिचे घर घटात होते. व्होल्टाच्या धर्तीच्या घटाची शक्ती सारखी बदलत असे. जोडताच ती जोमाने येई आणि काही क्षणांत मंदावे. ज्या उगमाचा प्रवाह क्षणाक्षणाला पालटतो, त्याच्यावर मापन कसे उभे राहणार? गज स्वतःच आखूड-लांब होऊ लागला तर कापडाचे माप काय खरे?

तेव्हा पोग्गेनडॉर्फ या शास्त्रज्ञांच्या सूचनेवरून ओहम यांनी निराळाच उगम निवडला. दोन भिन्न धातू जोडून एक सांधा तापविला आणि दुसरा थंड ठेवला तर वीज वाहते, हे सेबेक यांनी १८२१ मध्ये दाखविले होते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे तोवर त्याचे तापमान ढळत नाही आणि बर्फ वितळत आहे तोवर त्याचेही ढळत नाही. निसर्गानेच स्थिर ठेवलेल्या या दोन टोकांमधून जी वीज मिळाली ती दुर्बळ होती खरी, पण अढळ होती. मग त्यांनी तांब्याच्या आठ तारा कापल्या. त्यांतील सर्वांत आखूड तार २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडावी, वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पीळ मोजून पाहावे, नोंद करावी, पुन्हा आरंभ करावा, असा क्रम चालला.

या नोंदींतून १८२६ साली जे सूत्र हाती आले ते इतके साधे, की आज दहावीच्या वर्गातील मुलास ते तोंडपाठ असते. परिपथात जितका एकूण रोध अधिक, तितकी विद्युत्-धारा कमी. रोध दुप्पट केला तर धारा निम्मी. आजच्या भाषेत विभवांतरास रोधाने भागिले म्हणजे धारा मिळते. १२ व्होल्टच्या बॅटरीस ४ ओहमचा रोध जोडला तर ३ अँपिअर धारा वाहते, हा हिशेब आपण आज चुटकीसरशी करतो. त्या चुटकीमागे उकळते पाणी, वितळते बर्फ आणि एका शाळामास्तराच्या कित्येक संध्याकाळी आहेत.

या कार्यास पूर्ण रूप देण्यासाठी ओहम यांनी एक वर्षाची रजा मागितली. ती अर्ध्या पगारावर मिळाली. बर्लिन येथे भाऊ मार्टिन याच्याकडे राहून त्यांनी आपला ग्रंथ लिहिला आणि तो १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेच्या परिपथाचे गणितीय विवेचन, असा त्याचा विषय होता. या ग्रंथाच्या बळावर एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती.

आशा फोल ठरली. त्या वेळी जर्मनीतील बऱ्याच विद्वानांना पदार्थविज्ञानात एवढे गणित रुचत नसे. निसर्गाचे मर्म तत्त्वचिंतनाने उलगडते, अशी श्रद्धा बाळगणारेही तेथे होते. काहींनी ग्रंथावर कडक टीका केली, इतरांनी त्याकडे पाहिलेच नाही. मानी स्वभावाच्या ओहम यांच्या मनाला हे फार लागले. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. ज्या प्रयोगशाळेत त्यांनी इतिहास घडविला ती सुटली. पुढील पाच-सहा वर्षे बर्लिनमध्ये आठवड्याचे काही तास गणित शिकवून त्यांनी कशीबशी काढली. १८३३ साली न्यूरेम्बर्ग येथील तंत्रविद्यालयात त्यांना जागा मिळाली तेव्हा कोठे संसाराची ओढाताण थांबली. संसार म्हणावयाचा तोही एकट्याचाच. ओहम आजन्म अविवाहित राहिले.

परंतु खरे माप खोटे ठरत नाही. १८३१ मध्ये लाइप्झिग येथे फेख्नर यांनी स्वतंत्र प्रयोग करून ओहम यांचा नियम पडताळून पाहिला. फ्रान्स, रशिया आणि इंग्लंड येथील संशोधकही हळूहळू त्याच निष्कर्षावर आले. तारायंत्राचे युग उजाडत होते, आणि शेकडो मैल तारेतून संदेश पाठवू पाहणाऱ्या अभियंत्यांना या नियमावाचून पाऊल टाकता येईना. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले कोपले पदक ओहम यांना अर्पण केले. ज्या देशात त्यांची उपेक्षा झाली, त्या देशास त्यांची ओळख अशी परदेशातून झाली. १८४९ मध्ये त्यांना म्यूनिक येथे बोलावणे आले, आणि १८५२ साली तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पद ६३ व्या वर्षी हाती आले, आणि दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ओहम यांचे आणखी एक कार्य पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही; ते ध्वनीविषयी आहे. १८४३ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले, की कोणताही संमिश्र स्वर आपला कान त्याच्या साध्या घटक-स्वरांत फोडून ऐकतो. तंबोरा सुरेल लागला असता खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो आणि आपले गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. एकाच तारेत मूळ स्वरासह त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही नांदत असतात, त्याचा हा दाखला होय. ऑगस्ट सेबेक या शास्त्रज्ञांनी ओहम यांच्या म्हणण्यास आक्षेप घेतला. ज्या सेबेक यांच्या शोधाने ओहम यांना स्थिर वीज दिली, त्यांचेच हे चिरंजीव. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी हा नियम उचलून धरला. त्याच्या मर्यादाही कालांतराने दिसून आल्या, तथापि श्रवणशास्त्राचा एक पाया त्याने घातला, हे निर्विवाद.

वीज आणि ध्वनी या दोन्ही विषयांतील ओहम यांचे कार्य एकाच जागी पाहावयाचे असेल, तर फार दूर जावे लागत नाही. मोटारीत अ‍ॅम्प्लिफायर बसविणाऱ्या एखाद्या जाणत्या कारागिराजवळ घटकाभर उभे राहावे. अ‍ॅम्प्लिफायरवर गेनचे एक बटण असते. पुष्कळ लोक त्यास आवाज वाढविण्याचे बटण समजतात व ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. वास्तविक त्याचे काम निराळे आहे. मोटारीतील स्टीरिओ जितका संकेत देतो, तो अ‍ॅम्प्लिफायरने किती पटीने वाढवावा, याचा मेळ घालण्याचे ते साधन होय. हा मेळ प्रमाणाबाहेर गेला, की अ‍ॅम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या पलीकडे जाऊ पाहतो आणि स्वराच्या गोल लाटेचा माथा सपाट छाटला जातो. असा माथा छाटला, की ५० कंपनांच्या शुद्ध स्वरात १५०, २५० अशा कंपनांचे न बोलाविलेले स्वर मिसळतात, आणि ओहम यांनी सांगितल्याप्रमाणे कान ते वेगळे ओळखतो. आवाज कर्कश वाटतो. शिवाय लाट पुरती चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये जाते आणि त्यातील तारेचे वेटोळे जळून जाते.

मग बटण किती फिरवावे? येथे ओहम यांचा नियम उत्तर देतो. शक्ती म्हणजे विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार. आणि धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध. यावरून शक्तीस रोधाने गुणून वर्गमूळ काढले, की हवे ते विभवांतर मिळते. अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅट सतत देणारा आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर १०० गुणिले ४ म्हणजे ४००, आणि त्याचे वर्गमूळ २०. याचा अर्थ बाहेर पडणाऱ्या तारांवर २० व्होल्ट दिसले, की थांबावे. ५० वॅट आणि २ ओहम असतील तर हाच आकडा १० येतो.

जाणता कारागीर प्रथम स्पीकरच्या तारा सोडवितो. खर्ज-तार कमीअधिक करणारी सर्व बटणे मध्यावर आणतो, गेन अगदी खाली ठेवतो आणि स्टीरिओचा आवाज सुमारे पाऊणपट करतो. मग ५० कंपनांचा एक अखंड, एकसारखा स्वर लावतो आणि मल्टिमीटर प्रत्यावर्ती विभवांतरावर ठेवून त्याच्या दोन काड्या अ‍ॅम्प्लिफायरच्या निर्गम टोकांस लावतो. गेनचे बटण हळूहळू फिरवीत आकडा २० वर आला, की हात थांबतो. मग बटणास पुन्हा स्पर्श नाही. स्पीकर जोडावा आणि गाणे ऐकावे.

या कृतीत गाण्याऐवजी एकसुरी स्वर का वापरतात, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. गाणे क्षणाक्षणाला चढते-उतरते. त्यावर मल्टिमीटरचा आकडा ठरणार नाही. ओहम यांना घटाने जे शिकविले तेच येथे पुन्हा दिसते. प्रथम उगम स्थिर करावा, मग माप घ्यावे. उकळते पाणी आणि बर्फ यांची जागा आज एका साध्या स्वराने घेतली आहे, एवढाच फरक.

या मल्टिमीटरचाही इतिहास लहान पण मनोरंजक आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्यास तारांच्या कामासाठी तीन निरनिराळी यंत्रे बाळगावी लागत. १९२३ मध्ये त्यांनी कल्पिलेले एकत्र यंत्र बाजारात आले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे जोडून त्यास एव्होमीटर असे नाव मिळाले. फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांतील तीन शास्त्रज्ञांची नावे अशी एका डबीत एकत्र आली. त्याआधी, १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्-शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककास ओहम हे नाव मान्य केले होतेच. ओहम यांना जाऊन तेव्हा २७ वर्षे झाली होती.

मापाच्याही मर्यादा असतात, हे येथे सांगितले पाहिजे. मल्टिमीटर आकडा सांगतो, लाटेचा आकार सांगत नाही. मोटारीची बॅटरी दुबळी असेल तर २० व्होल्टपूर्वीच लाटेचा माथा छाटला जाऊ शकतो. तो डोळ्यांनी पाहावयाचा तर ऑसिलोस्कोप हवा. स्पीकरचा रोधही सर्व स्वरांना सारखा नसतो. त्यावर लिहिलेले ४ ओहम हे एक सोयीचे ठरीव माप आहे. म्हणून सुज्ञ मनुष्य आकड्यावर विश्वास ठेवतो, पण कान झाकून घेत नाही. तसेच हे प्रयोग मुलांनी जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावेत. वीज जोडलेली असताना मल्टिमीटरने ओहम मोजू नयेत, हा नियमही ध्यानात ठेवावा.

ओहम यांच्या चरित्रापासून बोध काय घ्यावा? दारिद्र्य सोसून विद्या मिळविणारे पुरुष पुष्कळ झाले. उपेक्षा सोसणारेही झाले. पण आपल्या हातून प्रसिद्ध झालेले चुकीचे सूत्र दुसऱ्याने दाखविण्याआधी स्वतःच मागे घ्यावे, चुकीचे मूळ शोधावे आणि एका वर्षाच्या आत खरे सूत्र जगापुढे ठेवावे, ही गोष्ट सोपी नाही. अंदाजाने बोलणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि मोजणाऱ्याचा लहान; म्हणून काही काळ जग पहिल्याचे ऐकते. ओहम यांनी आपला आवाज चढविला नाही. त्यांनी तारा कापल्या, पाणी उकळले, आकडे लिहिले आणि वाट पाहिली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे उद्या प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा दुकानात उभे राहतील, त्यांनी हातात मल्टिमीटर घेताना या कुलूपवाल्याच्या मुलाचे स्मरण ठेवावे आणि आकडा जसा दिसेल तसाच वहीत लिहावा.